बिटमॅप-आयकॉन रूपांतर
बिटमॅप-आयकॉन रूपांतर : संगणकाच्या पडद्यावर आज्ञावली, दस्तऐवज, आज्ञा किंवा यंत्राची अवस्था दर्शविण्यासाठी जी लहान, ठराविक आकारमानाची चित्रे योजतात त्यांस आयकॉन म्हणतात. ज्या चित्रातील प्रत्येक ठिपक्याचा रंग संख्येच्या रूपाने स्वतंत्रपणे नोंदलेला असतो, त्या चित्रास बिटमॅप म्हणतात व त्यातील ठिपक्यास चित्रकण अथवा पिक्सेल म्हणतात. बिटमॅप स्वरूपातील चित्रापासून आयकॉन सिद्ध करणे हे मेजावरील संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यास नेहमी करावे लागणारे काम होय. फाईलच्या नावाचा शेवटचा भाग बदलला की हे काम झाले, असा समज पुष्कळदा आढळतो. परंतु तो चुकीचा आहे. बिटमॅपमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आयकॉनमध्ये असाव्या लागतात : चित्राचा कोणता भाग दिसावा व कोणता पारदर्शक असावा याची नोंद आणि एकाच चित्राच्या निरनिराळ्या आकारमानांच्या आवृत्त्या. यांखेरीज आयकॉन आज्ञावली चालू असताना तयार केला असेल, तर त्याने व्यापलेली साधने परत करण्याची जबाबदारीही आज्ञावलीवर येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे विंडोज या कार्यप्रणालीच्या संदर्भात या रूपांतराचा विचार केला आहे.

मूलभूत कल्पना : बिटमॅपची कल्पना ठिपक्यांच्या रांगोळीवरून सहज ध्यानात येते. ठिपक्यांची संख्या व मांडणी आधी ठरते आणि आकृतीला त्या मांडणीत बसावे लागते. पंधरा ठिपके पंधरा ओळींच्या रांगोळीत कमळाच्या पाकळ्या मोकळेपणाने काढता येतात. तेच कमळ पाच ठिपके पाच ओळींत काढावयाचे झाल्यास पाकळ्यांची संख्या कमी करावी लागते. मोठी रांगोळी दुरून पाहिल्याने लहान रांगोळी तयार होत नाही. ती नव्याने काढावी लागते. कॅनव्हासवरील फुलीच्या टाक्याच्या भरतकामातही हीच मर्यादा असते. चित्रकणांच्या जाळीवर अर्धा ठिपका नसतो, ही गोष्ट बिटमॅपपासून आयकॉन करताना उद्‌भवणाऱ्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी आहे.

आयकॉनचे कार्य मात्र रांगोळीहून वेगळे आहे. ते शोभेसाठी नसून ओळख पटविण्यासाठी असते. भारतात १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निरक्षर मतदारालाही उमेदवार ओळखता यावा म्हणून निवडणूक चिन्हे वापरात आली. चिन्ह लहान छापले तरी ओळखू यावे आणि दुसऱ्या चिन्हाशी त्याची गल्लत होऊ नये, ही अशा चिन्हाची कसोटी होय. संगणकाच्या पडद्यावरील आयकॉनला हीच कसोटी लागू पडते.

इतिहास : संगणकाच्या संदर्भात आयकॉन ही संज्ञा डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील आपल्या १९७५ मधील प्रबंधात योजिली. त्यांचा पुढे झेरॉक्स कंपनीच्या स्टार या संगणकाच्या रचनेत सहभाग होता. १९८१ साली बाजारात आलेल्या या संगणकाच्या पडद्यावर कागद, कप्पा, टपालाची पेटी अशा कार्यालयातील परिचित वस्तूंची चित्रे होती. ॲपल कंपनीने १९८३ मध्ये लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश हे संगणक आणले. मॅकिंटॉशची चित्रे सुझन केअर यांनी काढली. आरंभी त्यांनी चौकटीचा कागद घेऊन त्यावरील एकेक चौकट भरून आकृती सिद्ध केल्या. त्या काळच्या ३२ × ३२ चित्रकणांच्या काळ्या-पांढऱ्या आयकॉनला १,०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट लागत. तेवढ्याच आकारमानाचा मुखवटा सोबत असल्यास एकूण २५६ बाइट होत. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. १९९० मधील विंडोज ३.० या आवृत्तीतील १६ रंगांच्या आयकॉनच्या रेखनातही केअर यांचा वाटा होता. विंडोज ९५ पासून १६ × १६, ३२ × ३२ व ४८ × ४८ ही आकारमाने रूढ झाली. २००१ मधील विंडोज एक्सपीमध्ये अंशतः पारदर्शक चित्रकणांची सोय झाली व त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टामध्ये २५६ × २५६ हे आकारमान आणि पीएनजी या संकुचित स्वरूपाचा वापर यांची भर पडली.

बिटमॅप फाईलची रचना : विंडोजमधील बीएमपी फाईलच्या आरंभी १४ बाइटांची फाईल-शीर्षनोंद असते व तिची पहिली दोन अक्षरे बी आणि एम ही असतात. त्यानंतर बहुधा ४० बाइटांची चित्र-शीर्षनोंद येते. तीत चित्राची रुंदी, उंची आणि प्रत्येक चित्रकणासाठी वापरलेल्या बिटांची संख्या नमूद असते. रंग २५६ वा त्यांहून कमी असल्यास पुढे रंगांची सारणी असते व शेवटी चित्रकणांच्या संख्या येतात. चित्रकणांच्या ओळी सामान्यतः खालून वर या क्रमाने साठवितात. प्रत्येक ओळीची लांबी चार बाइटांच्या पटीत यावी म्हणून आवश्यक तेथे शून्ये भरतात. २४ बिटांच्या चित्रात प्रत्येक चित्रकणास निळा, हिरवा व तांबडा या क्रमाने एकेक बाइट मिळतो. या सर्व नोंदींत पारदर्शकतेला जागा नसते. साधा बिटमॅप हा नेहमी पूर्ण भरलेला आयत असतो. गोल नाण्याचे चित्र काढले तरी त्याभोवतीचे चारही कोपरे कोणत्या तरी रंगाने भरलेलेच असतात.

आयकॉन फाईलची रचना : आयसीओ फाईल ही एक चित्र नसून अनेक चित्रांचा संच असते. आरंभीची शीर्षनोंद ६ बाइटांची असते. तीतील पहिले दोन बाइट शून्य असतात; पुढील दोन बाइटांत प्रकार दिलेला असतो (आयकॉनसाठी १ व माउसच्या दर्शकासाठी २) आणि शेवटच्या दोन बाइटांत चित्रांची संख्या असते. त्यानंतर प्रत्येक चित्रासाठी १६ बाइटांची एक नोंद येते. तीत रुंदी, उंची, रंगांविषयीची माहिती, चित्राच्या भागाची बाइटांतील लांबी आणि तो भाग फाईलमध्ये कोठे सुरू होतो ते स्थान दिलेले असते. रुंदी व उंची यांना एकेकच बाइट असल्याने त्यात २५५ पर्यंतचीच संख्या मावते. म्हणून २५६ ही संख्या शून्य लिहून दर्शविण्याचा संकेत आहे.

नोंदींनंतर प्रत्यक्ष चित्रे येतात. त्यांतील प्रत्येकास बीएमपीमधील ४० बाइटांची चित्र-शीर्षनोंद असते, परंतु १४ बाइटांची फाईल-शीर्षनोंद नसते. या शीर्षनोंदीत उंची प्रत्यक्ष उंचीच्या दुप्पट लिहावी लागते, कारण रंगचित्र व त्याचा मुखवटा असे दोन थर तीत एकाखाली एक साठविलेले असतात. ३२ × ३२ च्या चित्राची उंची ६४ न लिहिता ३२ लिहिणे ही स्वतः आयसीओ फाईल लिहिणाऱ्या आज्ञावलीत नेहमी आढळणारी चूक होय.

या रचनेवरून फाईलची लांबी अचूक काढता येते. १६ रंगांच्या ३२ × ३२ आयकॉनमध्ये रंगचित्रास ५१२, मुखवट्यास १२८, रंगसारणीस ६४ व चित्र-शीर्षनोंदीस ४० असे ७४४ बाइट लागतात. त्यांत आरंभीची शीर्षनोंद व एक नोंद यांचे २२ बाइट मिळविले म्हणजे एकूण ७६६ बाइट होतात. प्रत्येक चित्रकणास ३२ बिट दिलेल्या व संकुचित न केलेल्या चित्रांना लागणारी जागा पुढील कोष्टकात दिली आहे.

कोष्टक : ३२ बिटांच्या आयकॉन-चित्रांना लागणारे बाइट (शीर्षनोंदीचे ४० बाइट धरून)
१६ × १६ : रंगचित्र १,०२४, मुखवटा ६४, एकूण १,१२८
२४ × २४ : रंगचित्र २,३०४, मुखवटा ९६, एकूण २,४४०
३२ × ३२ : रंगचित्र ४,०९६; मुखवटा १२८; एकूण ४,२६४
४८ × ४८ : रंगचित्र ९,२१६, मुखवटा ३८४, एकूण ९,६४०
२५६ × २५६ : रंगचित्र २,६२,१४४, मुखवटा ८,१९२, एकूण २,७०,३७६

मुखवट्यात प्रत्येक चित्रकणास एकच बिट असतो. १६ चित्रकणांच्या ओळीस वास्तविक दोनच बाइट पुरेत, परंतु ओळ चार बाइटांच्या पटीत ठेवण्याच्या नियमामुळे तिला चार बाइट लागतात. म्हणून मुखवटा ३२ ऐवजी ६४ बाइटांचा होतो. पाचही आकारमाने एकत्र असलेल्या फाईलची लांबी २,८७,९३४ बाइट भरते आणि तिच्यातील नऊ-दशांशांहून अधिक जागा एकटे २५६ चे चित्र व्यापते. याच कारणाने ते चित्र पीएनजी स्वरूपात संकुचित करून ठेवण्याचा प्रघात पडला.

पारदर्शकता : जुन्या पद्धतीत पारदर्शकता दोन तार्किक क्रियांनी साधतात. प्रथम पडद्यावरील चित्रकण व मुखवट्याचा बिट यांवर ‘आणि’ ही क्रिया करतात. मुखवट्यात ० असल्यास पडद्यावरील रंग पुसला जाऊन काळा होतो व १ असल्यास तो जसाच्या तसा राहतो. नंतर आलेले फल व रंगचित्र यांवर ‘अनन्य-अथवा’ ही क्रिया करतात. त्यामुळे पुसलेल्या जागी रंगचित्रातील रंग उमटतो. मुखवट्यात १ व रंगचित्रात काळा असल्यास पार्श्वभूमी तशीच दिसते आणि मुखवट्यात १ व रंगचित्रात पांढरा असल्यास पार्श्वभूमीचा रंग उलटा होतो. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : पारदर्शक भागात रंगचित्र काळेच ठेवले पाहिजे. हा नियम पाळला नाही, तर आयकॉनभोवती विचित्र रंगांची चौकट उमटते.

बिटमॅपपासून मुखवटा तयार करण्यासाठी चित्रातील एक रंग पारदर्शक मानावा लागतो. चित्रात सहसा न येणारा गडद गुलाबी-जांभळा रंग यासाठी योजीत. काही आज्ञावली-संग्रहांत चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातील चित्रकणाचा रंग पारदर्शक समजण्याचा संकेत आहे. मूळ चित्राच्या कडा मऊ केलेल्या असतील तर ही रीत फसते. कडेवरील चित्रकण आकृतीचा रंग व पार्श्वभूमीचा रंग यांच्या मिश्रणाने बनलेले असतात. ते पार्श्वभूमीच्या रंगाशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून पारदर्शक होत नाहीत आणि आकृतीभोवती गुलाबी किनार राहते. याकरिता पारदर्शक रंग ठरवून काढलेल्या चित्राच्या कडा मऊ करू नयेत अथवा चित्र मुळातच ३२ बिटांत काढावे.

३२ बिटांच्या चित्रात तीन रंगांबरोबर अपारदर्शकतेसाठी चौथा बाइट असतो. त्याचे मूल्य ० असल्यास चित्रकण पूर्ण पारदर्शक व २५५ असल्यास पूर्ण अपारदर्शक असतो. मधल्या मूल्यांमुळे कडा मऊ ठेवूनही आयकॉन कोणत्याही पार्श्वभूमीवर नीट बसतो.

आकारमान कमी करणे : रूपांतरातील सर्वांत कठीण भाग हाच होय. ३२ चे चित्र १६ चे करताना दर चार चित्रकणांच्या जागी एक चित्रकण येतो. २५६ चे १६ करताना २५६ चित्रकणांच्या जागी एकच राहतो. तो कसा निवडावा याच्या दोन ढोबळ रीती आहेत. पहिल्या रीतीत ठराविक अंतरावरचे चित्रकण उचलतात व बाकीचे टाकून देतात. ही रीत जलद आहे. परंतु एक चित्रकण जाडीची रेषा तीत समूळ नाहीशी होऊ शकते. दुसऱ्या रीतीत गटातील सर्व चित्रकणांची सरासरी काढतात. यात रेषा नाहीशी होत नाही, मात्र फिकी होते : पांढऱ्यावरील एक चित्रकण जाडीची काळी रेषा आकारमान निम्मे केल्यावर करड्या रंगाची होते.

सरासरी काढताना अपारदर्शकता विचारात घेणे अत्यावश्यक आहे. एका गटात दोन चित्रकण पूर्ण अपारदर्शक व शुद्ध तांबडे (२५५, ०, ०) असून उरलेले दोन पूर्ण पारदर्शक आहेत व त्यांच्या रंगाच्या जागी शून्ये लिहिलेली आहेत असे समजू. रंगांची साधी सरासरी घेतल्यास तांबड्याचे मूल्य सुमारे १२७ येते आणि अर्धपारदर्शक, काळसर तांबडी कड तयार होते. वस्तुतः पारदर्शक चित्रकणांना रंगच नसल्याने त्यांना सरासरीत वजन असू नये. प्रत्येक रंगास त्याच्या अपारदर्शकतेने गुणून सरासरी घेतली व शेवटी भागाकार केला, तर रंग शुद्ध तांबडाच राहतो आणि केवळ अपारदर्शकता निम्मी होते. आयकॉनभोवती दिसणाऱ्या काळसर प्रभेचे कारण बहुधा या गुणाकाराची उपेक्षा हेच असते.

गणित अचूक असूनही परिणाम वाईट येऊ शकतो. २५६ च्या चित्रात छापखान्याचे यंत्र त्याच्या चाकांसह व कागदाच्या ताव्यांसह दाखविता येते. १६ च्या जाळीत त्याचा करडा डाग होतो. म्हणून लहान आकारमानांसाठी चित्र नव्याने काढावे, तपशील गाळावेत, बाह्यरेषा जाळीच्या ओळींशी जुळवून घ्याव्यात आणि मोठ्या चित्रातील एकच ओळखचिन्ह शिल्लक ठेवावे, असे अनुभवाने ठरले आहे. पडद्याची घनता वाढल्याने हा प्रश्न सुटलेला नाही. विंडोजमध्ये पडद्याची मापनश्रेणी १०० टक्के असता जेथे १६ चित्रकणांचा आयकॉन लागतो, तेथे १२५ टक्क्यांस २०, १५० टक्क्यांस २४ व २०० टक्क्यांस ३२ चित्रकणांचा लागतो. फाईलमध्ये योग्य आकारमान नसेल तर कार्यप्रणाली जवळचे चित्र ताणून अथवा आवळून वापरते व ते धूसर दिसते. मंद दृष्टीच्या वापरकर्त्यास अशा धूसरपणाचा सर्वांत अधिक त्रास होतो, कारण मोठी मापनश्रेणी त्यालाच लागते.

देवनागरी अक्षरे व रुपयाचे चिन्ह : रोमन लिपीतील एखादे मोठे अक्षर १६ ओळींत सुखाने बसते. देवनागरीची गोष्ट निराळी आहे. अक्षराच्या वर शिरोरेषा व तिच्याही वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार अशी तिची उभी रचना असल्याने या सर्वांना जागा ठेवली तर अक्षराच्या मुख्य भागास जेमतेम नऊ-दहा ओळी उरतात. त्यांत ‘ण’ किंवा ‘श’ यांच्या उभ्या रेषा व त्यांमधील फटी राखणे अवघड जाते. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांची अवस्था त्याहून बिकट होते. म्हणून आयकॉनसाठी शक्यतो मात्रारहित व मोकळ्या बांध्याचे एकच अक्षर घेतात. ‘ग’, ‘म’, ‘र’ ही अक्षरे या दृष्टीने सोयीची आहेत.

पडद्यावरील देवनागरीचा विचार महाराष्ट्रात दीर्घकाळ झाला आहे. पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक; स्थापना १९८८) कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत उगम पावलेले जिस्ट हे तंत्र पुढे विकसित केले व त्यामुळे वैयक्तिक संगणकांच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणणे शक्य झाले. विंडोज २००० मध्ये समाविष्ट झालेला मंगल हा देवनागरी टंक मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखिला. टंकातील लहान अक्षर पडद्याच्या जाळीशी जुळवून घेणे आणि आयकॉन जाळीशी जुळवून घेणे या दोन्ही कामांत तत्त्व एकच आहे. पुण्याच्या कोथरूड भागातील महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (स्थापना १९८३) आणि नजीकच्या कर्वेनगरातील कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९९१) यांसारख्या संस्थांतून संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या तत्त्वाची ओळख संगणकीय आलेखन या विषयात होते. सरळ रेषा चित्रकणांच्या जाळीवर कशी बसवावी यासाठी जे. ई. ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये शोधलेली व १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत या विषयाचा पाया मानली जाते. तीत प्रत्येक स्तंभात आदर्श रेषेस सर्वांत जवळचा एकेक चित्रकण केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने निवडतात.

रुपयाचे चिन्ह हे या संदर्भात उद्बोधक उदाहरण आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकलेले डी. उदयकुमार यांनी रेखिलेले हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. देवनागरी ‘र’ व रोमन ‘आर’ यांच्या मेळातून साधलेल्या या आकृतीत वरच्या बाजूस दोन आडव्या रेषा व त्यांमध्ये मोकळी जागा आहे. हिशेबाच्या आज्ञावलीतील बटणासाठी या चिन्हाचा आयकॉन करावयाचा आहे असे समजू. २५६ ओळींच्या चित्रात प्रत्येक रेषा २० चित्रकण जाड व मधली फट २४ चित्रकणांची ठेवली, तर १६ ओळींच्या चित्रात रेषेच्या वाट्यास १·२५ व फटीच्या वाट्यास १·५ ओळी येतात. सरासरीने आकारमान कमी केल्यास दोन्ही रेषांच्या कडा फटीत पसरतात आणि तेथे एकच जाड पट्टा दिसू लागतो. आज्ञावलीकाराने किंवा चित्रकाराने हाताने निर्णय घेऊन एक ओळ रेषा, एक ओळ फट व पुन्हा एक ओळ रेषा अशी मांडणी केल्यास चिन्ह स्पष्ट होते. प्रमाण किंचित बिघडते, पण ओळख टिकते. लहान आकारमानात प्रमाणापेक्षा ओळख महत्त्वाची, हा निष्कर्ष यातून निघतो.

आज्ञावलीतील रूपांतर : रूपांतर दोन प्रसंगी करतात. पहिल्या प्रसंगी आयकॉन आधीच तयार करून तो आज्ञावलीच्या फाईलमध्ये साधनसामग्री म्हणून जोडतात. जोडताना आयसीओ फाईलमधील चित्रे सुटी केली जातात व त्यांची सूची स्वतंत्रपणे ठेवली जाते. सूचीत १६ बाइटांच्या नोंदीऐवजी १४ बाइटांची नोंद येते, कारण फाईलमधील स्थानाच्या चार बाइटांच्या जागी चित्राचा दोन बाइटांचा क्रमांक लिहिलेला असतो. फाईल पाहताना वापरकर्त्यास दिसणारा आयकॉन याच सामग्रीतून घेतला जातो. आयकॉन बदलूनही जुनाच दिसत राहिला तर रूपांतर फसले असे समजण्याचे कारण नाही. कार्यप्रणालीने जुने चित्र आपल्या राखीव साठ्यात ठेवलेले असते.

दुसऱ्या प्रसंगी आज्ञावली चालू असतानाच आयकॉन तयार होतो; उदा., न वाचलेल्या पत्रांची संख्या किंवा विद्युत् घटातील शिल्लक दाखविणारे कार्यपट्टीवरील चिन्ह. १९९० नंतरच्या दशकात व्हिज्युअल बेसिक व डेल्फी या भाषांतील चित्रसूची हा घटक बिटमॅप घेऊन आयकॉन परत देई. विंडोजच्या मूलभूत क्रियांपैकी क्रिएट-आयकॉन-इनडायरेक्ट या क्रियेस मुखवटा व रंगचित्र असे दोन बिटमॅप द्यावे लागतात. ती त्यांच्या प्रती करून घेते. त्यामुळे मूळ बिटमॅप नंतर नष्ट करणे हे आज्ञावलीकाराचे काम राहते. २००२ मध्ये आलेल्या डॉटनेट संग्रहात बिटमॅपची गेट-एच-आयकॉन ही क्रिया हेच काम एका ओळीत करते. मात्र अशा रीतीने मिळालेला आयकॉन त्याच संग्रहातील साठवणीच्या क्रियेने फाईलमध्ये लिहिल्यास रंगांची संख्या घटते. पडद्यावर दाखविण्यासाठी ही वाट पुरेशी असली, तरी फाईल करावयाची असल्यास शीर्षनोंद, नोंदी व चित्रे वर वर्णिलेल्या क्रमाने स्वतः लिहिणे श्रेयस्कर ठरते.

साधनांची मुक्तता : कार्यप्रणाली आज्ञावलीस प्रत्यक्ष आयकॉन न देता त्याचा एक ओळखक्रमांक देते; त्यास हँडल म्हणतात. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे हे हँडल काम झाल्यावर परत करावे लागते. त्यासाठी डिस्ट्रॉय-आयकॉन ही क्रिया आहे. हँडलपासून बनविलेली डॉटनेटमधील वस्तू त्या हँडलची मालक नसते, म्हणून ती वस्तू टाकून दिल्याने हँडल परत होत नाही. एका आज्ञावलीस घेता येणाऱ्या अशा वस्तूंची मर्यादा विंडोजमध्ये सामान्यतः १०,००० ठेवलेली असते. दर सेकंदास नवा आयकॉन करणारी व जुना परत न करणारी आज्ञावली तीन तासांच्या आतच ही मर्यादा गाठते. त्यानंतर चित्रे उमटत नाहीत, खिडक्या अर्धवट रंगतात आणि अखेरीस आज्ञावली बंद पडते. दहा मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. दिवसभर चालू राहणाऱ्या बँकेच्या खिडकीवरील, रुग्णालयाच्या नोंदणीकक्षातील अथवा कारखान्याच्या देखरेखीच्या संगणकावर मात्र तो ऐन कामाच्या वेळी प्रकट होतो. यावर दोन उपाय आहेत. नवा आयकॉन दाखविल्यावर जुन्याचे हँडल लगेच परत करणे हा पहिला. आणि आयकॉनचे प्रकार मर्यादित असल्यास ते आरंभीच एकदा करून पुनःपुन्हा वापरणे हा दुसरा व अधिक चांगला.

चिन्ह व विश्वासार्हता : आयकॉन हा एक प्रकारे वापरकर्त्यास दिलेला शब्द असतो, परंतु तो खरा असल्याची हमी कार्यप्रणाली देत नाही. आज्ञावलीस कोणताही आयकॉन जोडता येतो आणि विंडोजमध्ये परिचित प्रकारच्या फाईलींच्या नावांचा शेवटचा भाग लपविलेला असण्याची रीत आहे. त्यामुळे कप्प्याचा वा दस्तऐवजाचा आयकॉन धारण करणारी घातक आज्ञावली सहज उघडली जाते. सुट्या साठवणपट्टीवरून पसरणाऱ्या अनेक संगणकीय विषाणूंनी कप्प्याच्या पिवळ्या चिन्हाचा असा उपयोग केलेला आहे. फाईलच्या नावाचा शेवटचा भाग दृश्य ठेवणे व आज्ञावलीची अंकीय स्वाक्षरी तपासणे हे यावरील साधे उपाय होत. प्रामाणिक आज्ञावलीकारानेही आपला आयकॉन कार्यप्रणालीच्या प्रचलित चिन्हांपासून स्पष्टपणे वेगळा ठेवावा, हे यातून ओघानेच येते.

अन्य कार्यप्रणाली : मॅकओएसमध्ये आयकॉनसाठी आयसीएनएस हे स्वतंत्र फाईल-स्वरूप असून तेही अनेक आकारमानांचा संच असते. लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत निरनिराळ्या आकारमानांच्या पीएनजी फाईली वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात. सोबत एसव्हीजी हे रेषात्मक स्वरूपही वापरतात. रेषात्मक चित्रात ठिपक्यांऐवजी रेषा व वक्र यांची गणिती वर्णने साठविलेली असल्याने ते कितीही मोठे केले तरी धूसर होत नाही. लहान करताना मात्र त्यालाही शेवटी चित्रकणांच्या जाळीवरच उतरावे लागते. यामुळे स्वरूप कोणतेही असले, तरी १६ व २४ चित्रकणांच्या आवृत्त्या प्रत्यक्ष पडद्यावर, फिकट व गडद अशा दोन्ही पार्श्वभूमींवर डोळ्यांनी तपासून घेणे हा रूपांतराचा आवश्यक भाग समजला जातो.